जर्मनचं पातेलं आणि कॉस्टिक सोडा: घरगुती साबण करताना झालेल्या एका अपघाताचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मिरज तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातलं आहे. घरातल्या बायकांची परवानगी घेऊन लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मी सांगलीत रसायनशास्त्र शिकवते. बचत गटांना साबण करायला शिकवण्याच्या निमित्ताने खेडोपाडी जाणं होतं. या घरी मी अपघातानंतर गेले. दोघी जावा, सासूबाई आणि धाकटीची आठवीतली मुलगी यांच्याशी वेगवेगळं बोलले, आणि ते पातेलंही पाहिलं.

दोघी जावा एकाच गटात. घरचीच हळद दळून तिचा साबण करायच्या. तो गावात, पाहुण्यारावळ्यांत आणि गटाच्या स्टॉलवर जायचा. एका बॅचला १ किलो तेल: ५०० ग्रॅम खोबरेल, ४०० ग्रॅम शेंगदाण्याचं आणि १०० ग्रॅम एरंडेल. त्याला १५० ग्रॅम कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड, तीव्र अल्कली) आणि ३०० ग्रॅम पाणी. हे प्रमाण मी तपासून पाहिलं, ते बरोबर आहे. एवढ्या तेलाचा पूर्ण साबण व्हायला साधारण १५९ ग्रॅम कॉस्टिक लागतो. १५० घेतला की पाच-सहा टक्के तेल शिल्लक राहतं आणि साबण अंगाला सौम्य लागतो. प्रशिक्षणात मिळालेला हा कागद त्यांनी स्वयंपाकघराच्या कपाटाला आतून चिकटवलेला होता. त्यावर कॉस्टिकबद्दल एक ओळ होती: ‘कॉस्टिक हाताळताना योग्य ती काळजी घ्यावी.’

त्या दोघी निष्काळजी नव्हत्या, हे आधीच सांगते. काही बॅच त्यांनी अगदी नीट केल्या होत्या. पाणी आधी घ्यायचं आणि कॉस्टिक त्यात थोडा थोडा सोडायचा, हे त्यांना पाठ होतं. स्टीलचं पातेलं ठरलेलं होतं. रबरी हातमोजे होते. चष्मा मात्र कधीच नव्हता.

वेळेचा मुद्दाही लक्षात घ्यायला हवा. या पद्धतीचा साबण पाडल्यावर किमान चार, शक्यतो सहा आठवडे मुरावा लागतो. गणपतीत आणि दिवाळीत विकायचा तर तो जुलै-ऑगस्टात करावा लागतो. म्हणजे हवा दमट असताना, वीज जात-येत असताना आणि घरात शेतीच्या कामाची गडबड असतानाच कॉस्टिक हाताळायची वेळ येते.

त्या दिवशी काय वेगळं होतं

एकाच दुपारी चार गोष्टी बदललेल्या होत्या. एकेकटी घेतली तर कुठलीच मोठी वाटत नाही.

पहिली गोष्ट, स्टीलचं पातेलं शेजारी बारशाला गेलेलं होतं आणि परत आलं नव्हतं. म्हणून जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं. “पातेलं ते पातेलं,” असं थोरलीला वाटलं आणि त्यात तिची चूक म्हणता येत नाही, कारण कागदावर भांड्याच्या धातूबद्दल चकार शब्द नव्हता.

दुसरी, कॉस्टिकची पिशवी मागच्या बॅचला उघडलेली आणि रबर लावून फळीवर ठेवलेली. कॉस्टिक हवेतलं पाणी ओढून घेतो. सुट्या पापुद्र्यांचा पावसाळी हवेत एक ढेकूळ झाला होता. तो चमच्याने निघेना, तेव्हा त्यांनी ढेकूळच पातेल्यात टाकला, पातेल्यासकट वजन केलं आणि पाणी वरून ओतायचं ठरवलं. नेहमीचा क्रम इथे उलटला. क्रम मोडतोय हे धाकटीच्या लक्षात आलं होतं. ती म्हणालीसुद्धा, पण “आता काढायचं कसं त्यातनं?” यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं.

तिसरी, वीज नव्हती. मोटर बंद, वरची टाकी रिकामी, स्वयंपाकघराच्या नळाला पाणी नाही. साबणाला लागणारं ३०० ग्रॅम पाणी माठातून मोजून घेतलं, त्यामुळे नळ कोरडा आहे याचा कुणी विचार केला नाही.

चौथी, पाऊस लागलेला. एरवी त्या हे काम मागच्या दारी करायच्या. त्या दिवशी आत ओट्यावर केलं, खिडकी अर्धी लावलेली, आणि शेजारच्या शेगडीवर खोबरेल कोमट करायला गॅस चालू.

अपघात

पाणी ओतताच ढेकळाभोवती ते उकळायला लागलं. थोड्या पाण्यात एकदम पुष्कळ कॉस्टिक विरघळला की होतं तेच झालं. कॉस्टिक विरघळताना बरीच उष्णता बाहेर पडते. नीट क्रमाने केलं तरी या प्रमाणात पाणी ८०-९० अंशांपर्यंत तापतं. इथे तर उष्णता एकाच जागी कोंडली आणि थेंब उडायला लागले.

त्याच वेळी पातेलं फेसाळायला लागलं. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक पातळ थर असतो आणि तोच धातूचं रक्षण करतो. कॉस्टिक तो थर विरघळवतो आणि खालच्या धातूशी भिडतो. त्यातून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू निघतो आणि आणखी उष्णता तयार होते. गरम, तीव्र द्रावणात हे फार झपाट्याने होतं. मी पातेलं पाहिलं तेव्हा आतली बाजू काळपट पडून खवल्यांसारखी झाली होती. एका जागी पत्रा इतका पातळ झाला होता की बोटाने दाबला तरी हलत होता.

फेस काठाशी आला आणि थोरलीने पातेलं उचललं, सिंकमध्ये ठेवायला. गरम द्रावण तिच्या उजव्या हातावर कोपराच्या खाली सांडलं, ब्लाउजची बाही भिजली. हातमोजे मनगटापर्यंतच होते. धाकटी चमचा घेऊन वाकलेली होती. तिच्या डाव्या डोळ्यात थेंब उडाला.

पातेलं उचलणं हा पहिला निर्णय. कुणीही तेच केलं असतं, हात आपोआप जातो. पण फेसाळणारं भांडं जागच्या जागी सोडून सगळ्यांनी बाजूला होणं, गॅस बंद करणं आणि खिडक्या-दारं उघडणं एवढंच तिथे करण्यासारखं होतं. ओटा खराब झाला असता, दुसरं काही झालं नसतं. शेजारी शेगडी पेटलेली आणि पातेल्यातून हायड्रोजन निघतोय, या जोडीचं गांभीर्य मी सांगेपर्यंत घरात कुणाला माहीत नव्हतं. मुलीने गॅस बंद केला तो तेल जळेल म्हणून.

पहिली काही मिनिटं

सगळ्यात जास्त निर्णय या काही मिनिटांत झाले. म्हणून इथे जरा थांबते.

सासूबाई धावत आल्या आणि त्यांनी थोरलीच्या हातावर हळद दाबली. सांगलीच्या पट्ट्यात जखमेवर पहिल्यांदा जाणारी गोष्ट हळदच. हळद हाताला लागताच लालभडक झाली. सासूबाईंना वाटलं रक्त आलं. त्या आणखी हळद आणायला वळल्या.

मुलीने त्यांना अडवलं. शाळेत तिने हळदीचा कागद करून त्यावर साबणाचं पाणी टाकलेलं होतं, तो डाग लाल होतो हे तिला ठाऊक होतं. “आजी, हे रक्त न्हाई. सोडा अजून हातावरच हाय,” ती म्हणाली. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातलं हे सर्वांत मोलाचं वाक्य आहे. कॉस्टिक त्वचेवर पडला की ती जागा बुळबुळीत लागते, कारण तो त्वचेतल्या स्निग्ध पदार्थांचा साबण करत आत शिरत असतो. वेदना कधीकधी उशिरा जाणवतात. म्हणून बरेच जण पाण्याचा एक तांब्या ओतून थांबतात. इथे त्या लाल रंगामुळे घरातल्या सगळ्यांना कळलं की काम संपलेलं नाही. (हळद लावणं योग्य होतं असा याचा अर्थ कुणी काढू नये. भाजलेल्या जागेवर काहीही चोळलं की पाणी आत पोचत नाही.)

नळ कोरडा. धाकटीने एक डोळा मिटून मागच्या दारचा बॅरल दाखवला. तिथे पिण्याचं नसलं तरी स्वच्छ पाणी भरलेलं होतं. दोघी अंगणात आल्या.

मग थोरलीचा नवरा फोनवर. तो सांगलीला मार्केट यार्डात कामाला असतो. त्याने कळकळीने सांगितलं की लिंबू पिळा, सोड्याला लिंबू मारतं. कागदावर हे गणित बरोबर दिसतं, आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात. पण त्या अभिक्रियेतही उष्णता निघते, ती भाजलेल्या कातडीवरच निघते, आणि लिंबू शोधण्यात पाण्याची मिनिटं जातात. डोळ्यात तर लिंबू किंवा व्हिनेगर कधीच नाही. व्हिनेगर ओटा-फरशीवर सांडलेलं द्रावण पुसून झाल्यावर जागा साफ करायला ठीक आहे, अंगावर नाही. अंगासाठी फक्त पाणी, आणि भरपूर. लिंबू घरात असूनही वापरलं गेलं नाही, ते निव्वळ गडबडीमुळे. तो सुदैवाचा भाग.

भिजलेल्या बाहीचा प्रश्न कठीण होता. कॉस्टिकने भिजलेला कपडा अंगावर ठेवला तर तो कातडीला लावूनच ठेवल्यासारखा होतो. पण अंगणात शेजारचे दोन-तीन पुरुष धावून आले होते. थोरली बाही काढायला तयार होईना. ती बाहीवरूनच पाणी ओतून घेत राहिली. मुलीने चादर आणून आडोसा धरला आणि धाकटीने कात्रीने बाही कापली, तोवर काही मिनिटं गेली होती. दंडापर्यंतच्या जखमेचा वरचा भाग त्या मिनिटांचा आहे.

काकणांकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. काचेची हिरवी काकणं मनगटाच्या वर सरकलेली होती. त्यांच्या खाली द्रावण अडकून राहिलं आणि वरून ओतलेलं पाणी तिथे नीट पोचलं नाही. दवाखान्यात काकणं कापून काढली तेव्हा खाली वळ्यासारखी गोल जखम होती, आणि सगळ्या हातावर तीच सर्वांत खोल होती.

डोळ्याचं मात्र चांगलं झालं. धाकटी कट्ट्यावर आडवी झाली, डावा डोळा खालच्या बाजूला, म्हणजे वाहून जाणारं पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही अशी. मुलीने पापण्या बोटांनी उघड्या धरल्या आणि नाकाच्या बाजूने तांब्याने सावकाश धार धरली. धाकटी ओरडत होती, डोळा मिटत होती, तरी मुलीने पापणी सोडली नाही. डोळ्यात आम्लापेक्षा अल्कली जास्त घात करते. बहुतेक आम्लांमुळे वरची प्रथिनं गोठतात आणि आत जायची वाट थोडी अडते. अल्कली स्निग्ध पदार्थ विरघळवत बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातून आत झिरपत जाते. म्हणून इथे पहिली मिनिटं कुठल्याही औषधापेक्षा मोठी.

आधी धुणं की आधी दवाखाना

शेजाऱ्याने गाडी दारात लावली होती. “आदी गाडीत बसा, मिरजंला पोचवतो,” असा त्याचा आग्रह. गाव मिरजेपासून वीसेक किलोमीटर, पावसात पाऊण तास. सासूबाईही निघायच्याच मताच्या होत्या.

धाकटीने नकार दिला. तिला डोळ्यात पाणी पडतं तेव्हा बरं वाटत होतं आणि धार थांबली की आग उठत होती, म्हणून ती हलायला तयार नव्हती. तिचं कारण साधं होतं पण निर्णय नेमका होता. वीस मिनिटं दोघींनी पाणी घेतलं. मग गाडीत दोन कॅन पाणी ठेवलं आणि वाटेतही डोळ्यावर धार चालू ठेवली. आधी निघाल्या असत्या तर पाऊण तास कॉस्टिक आत शिरत राहिला असता.

एक गोष्ट कुणाला सुचली नाही: १०८ ला फोन. गाडी दारात होती म्हणून फारसं अडलं नाही, पण फोन झाला असता तर वाटेत काय करायचं हे सांगणारं कुणी तरी भेटलं असतं. आणि कॉस्टिकची पिशवी बरोबर नेली नाही. दवाखान्यात “काय पडलं?” या प्रश्नाला आधी “साबणाचा सोडा” असं उत्तर गेलं. ते ऐकून धुण्याचा सोडा समजायचा धोका होता. तो कॉस्टिकच्या मानाने सौम्य असतो, आणि समज तशी झाली असती तर घाई कमी झाली असती. मुलीने ‘कॉस्टिक’ हा शब्द उच्चारला आणि पुढचं पटापट झालं.

तिथे डोळा पुन्हा सलाइनने बराच वेळ धुतला. मध्येमध्ये कागदाची पट्टी लावून आतली अल्कली गेली का ते पाहिलं आणि ती गेल्यावरच थांबले. बुबुळावरचा वरचा थर खरवडला गेला होता. थेंब सुरू झाले, पुन्हा तपासण्या झाल्या. काही दिवसांत थर भरून आला आणि नजर पूर्ववत आहे. थोरलीचा हात भरायला महिन्याहून जास्त लागला. वळ्याच्या जागी व्रण राहिला आहे.

पुढे काय: घरातले पर्याय

मला बोलावलं ते या टप्प्यावर. घरात दोन तट पडलेले होते.

पुरुषांचं मत, हा उद्योगच नको. हे मत मला हलकं वाटलं नाही. घरात लहान मुलं येतात-जातात आणि कॉस्टिक पोटात गेला तर अन्ननलिका जाळतो. अशा वेळी ओकारी काढायची नसते, कारण जाताना जाळलेलं येतानाही जाळतं. हा धोका पत्करायचा का, हे विचारायचा अधिकार घरातल्या प्रत्येकाला आहे. पण साबण ही या दोघींची स्वतःची कमाई होती. ती बंद झाली तर दुसरं काय, याचं उत्तर कुणी देत नव्हतं.

दुसरा पर्याय तयार साबण बेसचा. बेस वितळवायचा, हळद-सुगंध घालायचा, साच्यात ओतायचा. कॉस्टिकशी संबंधच नाही. ज्या घरात वेगळी जागा नाही आणि मूल रांगतं आहे, तिथे मी हाच सुचवते. इथे थोरलीने वहीत हिशेब मांडला. बेसच्या किमतीमुळे वडीमागे उरणारं फारच कमी व्हायचं, आणि “आपल्या तेलाचा साबण” हे जे गिऱ्हाइकाला सांगायच्या तेही राहणार नव्हतं.

तिसरा पर्याय गटातल्या एका बाईने आणला: एकीने सगळ्यांसाठी कॉस्टिकचं तीव्र द्रावण करून ठेवायचं, बाकीच्यांनी न्यायचं. कारखान्यात अशी पद्धत असते. घरात मी तिला ठाम विरोध केला. तयार द्रावण पाण्यासारखंच दिसतं आणि गावात ते हमखास पाण्याच्या रिकाम्या बाटलीत जाणार. साबणाच्या कामातली सगळ्यात वाईट दुर्घटना तिथूनच होते.

शेवटी दोघींनी ठरवलं की साबण करायचा, पण मांडणी बदलून. सासूबाईंनी एक अट घातली: स्वयंपाकघरात नाही. ती अट सगळ्यांत उपयोगी ठरली.

काय बदललं

“यापुढे लक्ष देऊन करू,” असं दोघी म्हणत होत्या. लक्ष त्या आधीही देतच होत्या. त्या दुपारी क्रम मोडला तो हातातल्या वस्तूंमुळे, म्हणून बदल वस्तूंमध्ये आणि जागेतच करायचा, असा माझा आग्रह होता.

भांड्यापासून सुरुवात केली. मुलीने लोहचुंबकाची युक्ती काढली, चिकटेल ते स्टील. चांगली कल्पना होती, पण चालत नाही. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण उत्तम प्रतीच्या बऱ्याच स्टीललाही तो चिकटत नाही. म्हणजे चांगलं भांडं बाद व्हायचं आणि कल्हईच्या आत लोखंड असलं की नको ते भांडं पास व्हायचं. त्यापेक्षा एकच भांडं ठरवलं: तळाला त्रिकोणात ५ आकडा असलेली, पॉलिप्रोपिलीनची जाड बादली. तिला लाल रंगाचा पट्टा. ती बारशाला जाणार नाही, कारण तिच्यात कुणी भात शिजवू शकत नाही. ढवळायला लांब दांड्याचा स्टीलचा चमचा, त्यालाही लाल पट्टा. काचेचं भांडं मी नको म्हटलं. गरम कॉस्टिक काच हळूहळू खातो आणि एखाद्या दिवशी ती तडकते. पितळ, जस्ताचा मुलामा दिलेल्या बादल्या आणि कल्हईची भांडी तर अजिबातच नको.

जागा मागची पडवी, वर पत्रा, तीन बाजूंनी उघडी. गॅस तिथे नाही. तेल स्वयंपाकघरात कोमट करून पडवीत आणायचं.

पाण्याचा नियम थोरलीने स्वतः केला आणि तो मला फार आवडला. काम सुरू करायच्या आधी बॅरल काठोकाठ भरलेला पाहिजे, शेजारी तांब्या आणि पाइप. बॅरल अर्धा असेल तर त्या दिवशी कॉस्टिकची बरणी उघडायचीच नाही, मग तेल मोजून झालेलं असलं तरी.

कॉस्टिक आता ५०० ग्रॅमच्या घट्ट झाकणाच्या बरणीतच आणतात, दुकानदाराला पिशवीत बांधू देत नाहीत. नळ-मोरी मोकळी करायची पावडर साबणाला वापरायची नाही, कारण तशा काही पावडरींत ॲल्युमिनियमचे कण मिसळलेले असतात. बरणीवर मोठ्या मराठी अक्षरांत ‘कॉस्टिक – विष’ आणि उघडल्याची तारीख. ढेकूळ झालेला कॉस्टिक वापरायचा नाही, हा नियम सुरक्षिततेइतकाच साबणासाठीही आहे. ओलावा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतलेल्या कॉस्टिकचं वजन खोटं असतं. १५० ग्रॅम मोजले तरी काम करणारा कॉस्टिक त्याहून कमी भरतो आणि वडी मऊ, तेलकट राहते.

क्रम असा: बादलीत आधी थंड पाणी मोजून. कॉस्टिक कोरड्या प्लॅस्टिकच्या मगमध्ये वेगळा मोजायचा. मग वाऱ्याकडे पाठ करून, चिमूट-चिमूट नाही पण मूठभराच्या आत, पाण्यात सोडायचा आणि ढवळायचं. वर वाकायचं नाही. वाफेने घसा खवखवला तर मागे सरायचं. पूर्ण निवळेपर्यंत आणि हाताला बादली बाहेरून कोमट लागेपर्यंत कुणीतरी तिथे थांबायचं.

कपडे: चारी बाजूंनी बंद असलेला रसायनांचा चष्मा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पुरुषांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवरून, पदर खोचलेला, पायात बंद चपला. काकणांवर बराच वेळ बोलणं झालं. सवाष्ण बाईने हात मोकळे ठेवायचे नाहीत असं सासूबाईंचं म्हणणं. मी काहीच सुचवलं नाही. थोरलीने व्रण दाखवला आणि म्हणाली, “आत्या, तासाभरापुरती काढून देव्हाऱ्यात ठेवते.” तसंच चालू आहे.

कच्च्या साबणाबद्दल त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. तेल आणि कॉस्टिक एकत्र झाल्यावर मिश्रण दाट होतं, साच्यात जातं, आणि सगळ्यांना वाटतं की आता साबण झाला. पहिला एक-दोन दिवस तो कॉस्टिकच समजायचा. मशीनने घुसळताना उडणारे थेंब, साचा धुताना, दुसऱ्या दिवशी वड्या कापताना, सगळीकडे हातमोजे. मुरलेल्या वडीवर आता फिनॉल्फ्थॅलीनचा (तीव्र अल्कली असेल तर गडद गुलाबी होणाऱ्या द्रावणाचा) थेंब टाकून पाहतात, ते मी देते. गडद गुलाबी झाला तर ती बॅच बाजूला.

निष्पत्ती

अपघातानंतर पहिली बॅच करायला थोरली बरेच दिवस तयार नव्हती. पहिल्यांदा धाकटीने केली आणि थोरली बॅरलशेजारी तांब्या धरून उभी राहिली. आता आलटून-पालटून करतात. एकटीने करायचं नाही, हे न ठरवता ठरून गेलं. त्यानंतर काही झालेलं नाही. दोनदा मात्र काम रद्द झालं, एकदा बॅरल रिकामा म्हणून आणि एकदा बरणीत ढेकूळ म्हणून. माझ्या दृष्टीने हेच सगळ्यात चांगलं लक्षण.

विक्रीचा प्रश्न सुटायचा आहे. अंगाचा साबण विकायला केला की तो सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात येतो: १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे नियम. परवाना अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. गटाने मिळून एका जागेचा परवाना काढता येईल का, याची चौकशी चालू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

प्रशिक्षणाच्या कागदापाशी मी परत परत येते. ‘योग्य ती काळजी’ या शब्दांच्या जागी ‘ॲल्युमिनियमचं भांडं नको, नळाला पाणी नसेल तर थांबा, डोळ्यांवर चष्मा’ एवढंच छापलं असतं तरी त्या दुपारचे तीन दुवे तुटले असते. आम्ही शिकवणारेही पाणी आधी की कॉस्टिक आधी यावर बराच वेळ देतो, आणि घरात खरोखर असणाऱ्या भांड्यांचं नाव घेत नाही. आता मी शिबिरात बायकांना घरचीच भांडी आणायला सांगते. त्यांतली कुठली चालतील हे तिथेच वेगळं काढतो.

ढेकळापाशी थांबण्याची संधी सगळ्यात मोठी होती. धाकटीला क्रम चुकतोय हे कळलं होतं. पाणी न ओतता ढेकूळ कोरड्या प्लॅस्टिकच्या डब्यात उलटून, झाकण लावून दुसऱ्या दिवसावर काम ढकललं असतं तर काहीही बिघडलं नसतं. कोरड्या कॉस्टिकचं कोरड्या ॲल्युमिनियमशी लगेच काही होत नाही, पण दमट हवेत तो ओला होतो, म्हणून पातेल्यात तसाच ठेवायचा नाही. दोघींत हे ठरलेलं नव्हतं की एकीने “थांब” म्हटलं की दुसरीने कारण न विचारता थांबायचं. आता ठरलं आहे.

साठवणीचा एक प्रश्न मी अजून सोडवते आहे. बरणी खालच्या फळीवर कुलपात ठेवावी असं मी सांगते, म्हणजे काढताना तोंडावर पडत नाही. पण हे गाव २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पाण्यात होतं. घरात कमरेएवढं पाणी आलं तर खालची फळी पहिली बुडते, झाकण सैल असेल तर कॉस्टिक घरातल्या पाण्यात, आणि माणसं त्याच पाण्यातून सामान काढत असतात. वर ठेवावी तर पडण्याची भीती. सध्या त्या पावसाळ्यात एका दिवसापुरतीच, म्हणजे एकच बरणी आणतात, तिच्यातला सगळा कॉस्टिक त्याच दिवशी लागोपाठच्या बॅचना वापरून संपवतात, आणि नदी इशारा पातळीकडे चालली की बरणी सगळ्यांत आधी, दागिन्यांच्या डब्याबरोबर, माळ्यावर जाते.